खिशातला प्रोजेक्टर : धडगावच्या पाड्यावर कितपत उपयोगी?



ऊस विकास विभागाने खिशात मावणारा प्रोजेक्टर घ्यावा, अशी सूचना गट-सभांतून वारंवार येत आहे. कोणाच्या मुलाने पुण्याहून आणलेला असतो, घरच्या भिंतीवर क्रिकेट पाहून झालेलं असतं, आणि मग 'साहेब, बेणेप्रक्रियेची फिल्म अशी गावोगाव दाखवा की', असा आग्रह होतो. सूचना चांगली आहे. पण पैसा सभासदांचा आहे. तेव्हा यंत्राचे गुण आणि दोष दोन्ही आधी समजून घेतलेले बरे.

आम्ही त्याची परीक्षा मुद्दाम धडगाव भागात घेतली. ऊस आपला सपाटीवरचा, मग सातपुड्याच्या डोंगरात कशाला, असं काही जण विचारतील. त्याचं कारण ऊसतोड. अक्राणी तालुक्यातल्या पाड्यांवरून टोळ्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत तोडीला जातात. ऊस जमिनीलगत तोडा, हे आपण त्यांना फडात ओरडून सांगतो. पण तेव्हा गाडी भरायची घाई असते, ऐकतो कोण? हिशेब करून पाहा. ऊस आठ फुटी धरला आणि खाली तीन इंच बुडखा राहिला, तर लांबीचे सुमारे ३ टक्के गेले. एकरी ४० टनांत तो सव्वा टन होतो. २०२५-२६ हंगामाचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये आहे. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वी एकरी ४,४०० रुपयांचा माल शेतात राहतो, आणि तोही सर्वांत गोड भाग! शिवाय वरच्या डोळ्यांतून फुटलेला खोडवा कमजोर निघतो. मजुराची मजुरीही टनावरच, म्हणजे नुकसान त्याचंही आहे. अर्थात खाली तोडायचं तर दिवसभर जास्त वाकावं लागतं, हेही विसरून चालणार नाही. हे सगळं टोळी घरून निघण्यापूर्वी, तिच्याच अंगणात दाखवता आलं तर? यंत्राची खरी कसोटी तिथे आहे.

आता यंत्र कसं चालतं ते पाहू. आत एलईडीचा दिवा असतो. पुष्कळ यंत्रांत नखाएवढ्या चिपवर लक्षावधी सूक्ष्म आरसे बसवलेले असतात. ते हलून उजेड-अंधार करतात आणि भिंग ते चित्र पुढे फेकते. ही चिप अमेरिकेतल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत १९८७ साली शोधली गेली. चित्र किती मोठं करावं, हे मात्र उजेडाच्या हातात असतं. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. सभागृहातला प्रोजेक्टर ३,००० ल्युमेनचा, तर खिशातला बहुधा ५० ते २०० चा. पाटाचं पाणी एका वाफ्याऐवजी चार वाफ्यांत सोडलं तर प्रत्येकाला पाव वाट्याला येणार, तसंच हे आहे. चित्राची रुंदी दुप्पट केली की क्षेत्र चौपट होतं आणि उजेड पावपट. १०० ल्युमेनचं यंत्र दीड मीटर रुंद पडद्यावर झकास दिसतं. तीन मीटरवर नेलं की माणसाचा चेहरा ओळखू येत नाही.

धडगावकडे पहिली अडचण भिंतीची आली. घरं कुडाची, मातीने लिंपलेली. पांढरी भिंत शोधून सापडत नाही. पांढरी चादर बांबूला ताणून बांधावी लागते, आणि वारा सुटला की चित्र डोलतं. सूर्य मावळल्यावर निदान अर्धा तास थांबायलाच हवं, नाहीतर संधिप्रकाशात काही दिसत नाही. घरं टेकड्यांवर विखुरलेली, प्रत्येकाचं आपल्या शेतात. त्यामुळे आपल्याकडच्यासारखी पारावर दोनशे माणसं जमत नाहीत. वीस-पंचवीस जमतात. पण या यंत्राला नेमकी तेवढीच गर्दी झेपते! जीप जिथे थांबते तिथून पुढे पायवाट. यंत्र शबनममध्ये टाकलं की काम झालं. जुना १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि जनरेटर घेऊन तिथे जाण्याचं कोणी मनातही आणलं नसतं.

आवाज हा मोठा दोष. आतला स्पीकर पहिल्या ओळीपलीकडे ऐकू जात नाही; वेगळा न्यावा लागतो. बॅटरी पूर्ण उजेडावर दीड-दोन तास टिकते. मोबाइलची साधी पॉवर बँक बहुतेक यंत्रांना पुरत नाही, जास्त शक्तीची लागते. दरीत नेटवर्क नसतं म्हणून फिल्म आधीच पेनड्राइव्हवर भरून न्यावी. पहिल्या पावसानंतर उजेडावर किडे इतके येतात की पडद्यावर हुमणीचे भुंगेरे दाखवताना खरेच येऊन बसतील.

खरेदीत फसगत पुष्कळ. चार-पाच हजारांच्या डब्यावर आठ-दहा हजार ल्युमेन लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नये. 'अ‍ॅन्सी ल्युमेन' किती, ते विचारावं. '१०८० चालते' याचा अर्थ तेवढं बारीक चित्र दिसतं असा नव्हे. चिपची स्वतःची क्षमता वेगळी विचारावी. बऱ्याच स्वस्त यंत्रांत बॅटरीच नसते, आणि भिंगामागे धूळ शिरली की चित्रावर कायमचा डाग पडतो.

यंत्र घेऊन गावोगाव फिरणं आपल्याकडे नवं नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर हलवून दाखवली. शेतीसाठी 'डिजिटल ग्रीन'ने २००६ पासून गावातल्याच शेतकऱ्यांच्या लहान फिल्मा काढल्या. गावचाच एखादा माणूस फिल्म मध्ये थांबवून प्रश्न विचारी. कर्नाटकातल्या १६ गावांत १३ महिने झालेल्या चाचणीत खर्चाच्या मानाने ही रीत नेहमीच्या विस्तारकार्यापेक्षा दहापट परिणामकारक ठरली. तेव्हा प्रोजेक्टर नव्हताच, टीव्ही आणि डीव्हीडी होती.

म्हणून आमची शिफारस अशी की प्रत्येक गटाला यंत्र घेऊ नये. सपाटीवर घरोघर टीव्ही, हातोहात मोबाइल आहे. तिथे ते कपाटात पडून राहील. बॅटरीचं एकच यंत्र, सोबत स्पीकर, एवढं घ्यावं, आणि फिल्म एखाद्या चांगल्या तोडणाऱ्या टोळीचीच, पावरी बोलीत काढावी. ज्या सभासदांच्या फडात जमिनीलगत तोड झाली आणि खोडवाही चांगला फुटला, त्यांनी चित्रीकरणासाठी गट कार्यालयात नाव नोंदवावे. मात्र पाचट जाळलेला फड चालणार नाही.