वस्ती आमची, प्रबंध कुणाचा?

समाजकार्य विषयात पीएच.डी. करू इच्छिणारी आमची मुले-मुली आता जिल्ह्याजिल्ह्यांत दिसू लागली आहेत. कुणी एम.एस.डब्ल्यू. करून एखाद्या संस्थेत पाच-सात वर्षे वस्तीपातळीवर राबलेला असतो, कुणी समाजकार्य महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत असते. ही मुले आमच्याकडे खटला घेऊन येत नाहीत. ‘सर, नेमका नियम काय आहे?’ एवढेच विचारायला येतात. त्यांना जे सांगण्यात आलेले असते ते बहुतेक ऐकीव असते. कुणी म्हणतो नेट नसेल तर विचारच सोड, कुणी म्हणतो दोन पेपर छापून आणल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत, कुणी म्हणतो अमुक सरांचा हात डोक्यावर असला म्हणजे झाले. नियम माहीत नसलेल्या माणसाला हक्कसुद्धा उपकारासारखा घ्यावा लागतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

विद्यापीठ अनुदान आयोगाची सध्याची नियमावली नोव्हेंबर २०२२ मधील आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे, म्हणजे ५० टक्के पुरतात. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्यालाही आता थेट प्रवेश घेता येतो. तिथेही ५ टक्क्यांची सवलत आहेच. एम.फिल. बंद झाले. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क पूर्ण करावे लागते, त्यात संशोधनाची नीतिमत्ता हाही विषय असतो. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही २०१६ च्या नियमावलीतील सक्ती आयोगाने २०२२ मध्ये काढून टाकली. तरीही पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांच्या दारात आमची पोरे आजही रांगा लावतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमात अशी अट आहे का, हे लेखी विचारा आणि मगच खिशात हात घाला.

प्रवेशाची खरी मेख मुलाखतीत आहे. २०१६ च्या नियमावलीने लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवून निवड सर्वस्वी मुलाखतीवर सोपविली होती. आडनाव ऐकून भुवया उंचावणाऱ्यांच्या हाती शंभर टक्के गुण! देशभर ओरड झाली, आणि २०१८ मध्ये आयोगाला लेखी परीक्षेला ७० व मुलाखतीला ३० असे प्रमाण आणावे लागले. आयोगाच्या मार्च २०२४ च्या सूचनेनुसार नेटचे गुणही पीएच.डी. प्रवेशासाठी चालतात. त्यातही नेटचे गुण ७० टक्के आणि मुलाखत ३० टक्के असेच धरायचे आहे, व हे गुण वर्षभरच ग्राह्य आहेत. मात्र जो जे.आर.एफ. झाला त्याची निवड अजूनही मुलाखतीवरच होते. सर्वांत हुशार ठरलेल्या मुलालाच सर्वांत लहरी चाळणीतून काढायचे, हा न्याय आम्हाला कधीच उमगला नाही. मुलाखतीतील गुण नाकारले गेले असे वाटत असेल तर माहितीच्या अधिकारात गुणतक्ता मागता येतो. तो मागायला लाजू नये.

आता मार्गदर्शकाकडे येऊ. गाईड मिळत नाही ही जवळजवळ प्रत्येकाची रड आहे, आणि इथेच आमच्या समाजाच्या प्रश्नाचे मूळ आहे. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. पण गाईड होण्यासाठी तो शिक्षक कायम नेमणुकीवरचा हवा, स्वतः पीएच.डी. हवा आणि त्याचे ठराविक संख्येचे शोधनिबंध प्रसिद्ध झालेले हवेत. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ राहिलेल्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही. महाराष्ट्रातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण खात्याखाली नाहीत, ती सामाजिक न्याय विभागाच्या अनुदानावर चालतात, हे कितीतरी जणांना ठाऊकही नसते. जिथे कायम जागा भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावर वर्षे काढली जातात, तिथे गाईड जन्माला येणार कुठून? तासिकेवरच्या शिक्षकाकडे पीएच.डी. असली तरी त्याला एकही विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे ज्यांची भरती थांबते त्यांच्या पुढच्या पिढीचे संशोधनही आपोआप थांबते.

१ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही, नेट किंवा सेट पुरते. ते ऐकून आमचे काही तरुण म्हणतात, मग इतकी वर्षे कशाला घालवायची? त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की सहयोगी प्राध्यापक व्हायला ती लागतेच, आणि गाईड व्हायलाही लागतेच. आपण सहायक म्हणून रुजू होऊन तिथेच थांबलो, तर आपल्या वस्तीवर कोणता विषय मंजूर करायचा हे दुसरेच ठरवत राहतील.

एक साधी गोष्ट मात्र करता येते. प्रत्येक विद्यापीठाने आपल्या सर्व मार्गदर्शकांची यादी, त्यांच्याकडील विद्यार्थ्यांची नावे, विषय आणि प्रवेशाची तारीख संकेतस्थळावर ठेवावी व दरवर्षी अद्ययावत करावी, असे नियमावलीतच आहे. ‘जागा नाही’ असे तोंडी सांगणाऱ्या विभागाची यादी उघडून मोजा. यादीच नसेल तर तीच तक्रार. प्रवेशात आरक्षण पाळणेही बंधनकारक आहे, त्यात विभागप्रमुखाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

मुदतीचे गणितही समजून घ्यावे. किमान तीन वर्षे, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना याशिवाय दोन वर्षे, म्हणजे एकूण दहापर्यंत. बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा आहे. लग्नामुळे वा अन्य कारणाने स्थलांतर झाले तर मुलीला आपले संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. सासरी गेली म्हणून संशोधन सुटले, असे सांगणाऱ्या लेकी-सुनांना हे कलम कुणी वाचून दाखवलेले नसते. नोकरी सांभाळून अर्धवेळ करायची असेल तर कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

पण हे घड्याळ प्रवेशाच्या दिवसापासून चालू होते. फेलोशिपचे घड्याळ मात्र सरकारच्या सवडीने चालते. २०२३ मध्ये बार्टीच्या ८६१ संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसावे लागले. त्या दिवसांत त्यांची मुदत थांबली नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात सारथीच्या फेलोशिपवर बोलताना तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधान परिषदेत, ही मुले पीएच.डी. करून कोणते दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. हैदराबादच्या रोहित वेमुलाने १७ जानेवारी २०१६ रोजी जग सोडले तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. सभागृहात प्रश्न विचारणाऱ्यांनी हा हिशेबही एकदा मांडायला हवा होता.

पैशाअभावी अडलेली पदवी ही आमच्यासाठी नवी कथा नाही. खुद्द बाबासाहेबांचा प्रबंध कोलंबिया विद्यापीठात तयार झाला होता, पण तिथल्या नियमाप्रमाणे छापील प्रती सादर केल्याशिवाय पदवी मिळत नसे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील शिक्षण अर्धे सोडून परतावे लागले. परतीच्या प्रवासात त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली. तो प्रबंध लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाकडून छापून निघाला १९२५ मध्ये आणि पीएच.डी. रीतसर मिळाली १९२७ साली. दरम्यान लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंधही परीक्षकांच्या आक्षेपामुळे दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागला होता. बुद्धी कमी नव्हती, छपाईचा खर्च जास्त होता.

समाजकार्याच्या संशोधनात एक अडचण अशी आहे की ती नियमावलीत सापडत नाही. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाले. तेव्हापासून आमच्या वस्त्या या विषयाची प्रयोगशाळा आहेत. विद्यार्थी येतात, प्रश्नावली भरून घेतात, फोटो काढतात, निघून जातात. सफाई कामगाराचे दुखणे टक्केवारीत जाते, त्याच्या हाती प्रबंधाची प्रत कधी येत नाही. आणि त्याच सफाई कामगाराच्या मुलाने २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अंमलबजावणीवर विषय मांडला, की समिती म्हणते, तुम्ही त्याच समाजाचे, तटस्थ कसे राहाल? परक्याचे अज्ञान म्हणजे तटस्थता आणि आपल्या माणसाची जाण म्हणजे पक्षपात, हे कोणत्या पद्धतिशास्त्रात लिहिले आहे? वकिलीत आम्ही साक्षीदाराला घटनास्थळी हजर होता म्हणून बाद करीत नाही. उलट तपासात टिकला तर तोच खरा.

उलट तपासात टिकण्यासाठी मात्र तयारी लागते, आणि इथे आपल्या तरुणांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. मोर्चातील भाषण म्हणजे प्रबंध नव्हे. नमुना कसा निवडला, लोकांची संमती कशी घेतली, विरोधी पुरावा कुठे ठेवला, हे दाखवावेच लागते. प्रबंध लिहून देणारी दुकाने शहराशहरांत निघाली आहेत. त्यांच्या पायऱ्या चढू नका. २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपेक्षा जास्त उसना मजकूर आढळला की प्रबंध परत येतो आणि ६० टक्क्यांच्या वर गेला तर नोंदणीच रद्द होते. पंधरा वर्षे वस्तीत काम केलेल्या कार्यकर्त्याला उसनवारीची गरजच काय? त्याच्या डायऱ्या, त्याने लिहिलेले अर्ज, पोलीस ठाण्यातल्या तक्रारींच्या प्रती, हे कोणत्याही ग्रंथालयात न मिळणारे साहित्य त्याच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत पडून असते.

प्रबंध सादर झाल्यावर गाईडशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक तो तपासतात आणि त्यानंतर तोंडी परीक्षा होते. हे सारे सहा महिन्यांत उरकावे असे नियम सांगतो. एका परीक्षकाने नाकारला तर तो दुसऱ्या बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवायचा असतो, तेवढ्यावर फेटाळता येत नाही. सहा महिने उलटले की कुलसचिवांना लेखी स्मरणपत्र द्या आणि त्याची पोच घ्या. पदवीनंतर प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’ या भांडारात जाते, ती कुणालाही वाचता येते. प्रबंध मराठीतून देण्याची मुभा आपल्या विद्यापीठात आहे का, हे प्रवेशाआधीच विचारून ठेवा. असेल तर मराठीतूनच लिहा, म्हणजे ज्यांनी प्रश्नावलीला उत्तरे दिली त्यांनाही बुद्धविहाराच्या वाचनालयात बसून तो वाचता येईल आणि चुकले असेल तिथे बोट ठेवता येईल.