सर्वे आजोबांचा, उत्तर कुणाचं?

गुडघ्याला कोणतं मलम लावता? चहापत्ती कोणती? हे विचारायला पूर्वी माणूस दारात यायचा. आता व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक येते. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि अमरावती-अकोल्यातले आजी-आजोबाही कंपन्यांच्या टप्प्यात आले.

मेख अशी, की फोन आजोबांचा असला तरी बटणं बरेचदा नातू दाबतो. मेळघाटातली रेंज नसलेली गावं तर सर्वेतून गळतातच. मग शहरातल्या पेन्शनरांची आवड 'वऱ्हाडातल्या ज्येष्ठांची' ठरते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ च्या 'लासी' पाहणीत पंचेचाळिशीपुढच्यांना, जोडीदारांसह ७२ हजारांहून अधिक जणांना, घरी जाऊन विचारलं. काम महागडं, पण समोर कोण बसलंय ते दिसतं.

लिंक आली तर? मलमाच्या सर्वेला बँकेचा ओटीपी लागत नाही. मागितला, की तिथेच थांबा.