गाडीवरचा खोल चरा घरी बुजवता येतो का? किनाऱ्यावर राहत असाल तर सुरुवात रंगाने नको, पाण्याने करा

रेवदंड्याच्या अरुंद रस्त्यावर समोरून टेम्पो येतो, तुम्ही गाडी कडेला घेता आणि जांभ्याच्या गडग्याला दार घासते. उतरून पाहावे तर दारावर हातभर लांब चरा. गॅरेजमध्ये विचारले की उत्तर ठरलेले असते : पूर्ण दार रंगवावे लागेल, गाडी ठेवून जा. मग बहुतेक जण 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हणून विषय सोडून देतात.

पुण्यात किंवा नाशिकमध्ये हे थोडे दिवस चालून जाते. मांडव्यापासून हरिहरेश्वरपर्यंतच्या पट्ट्यात मात्र उशीर महाग पडतो. इथे चऱ्यामुळे नुसती गाडीची शोभा जात नाही, पत्राही धोक्यात येतो.

चरा किती खोल, हे कसे ओळखायचे?

गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. सर्वांत आत गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही थर मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम दोन केसांएवढी.

चऱ्यावर पाणी टाका. पाण्याने चरा दिसेनासा झाला तर तो फक्त क्लिअर कोटमध्ये आहे. रबिंग कंपाउंडने काम भागेल. आता नख आडवे फिरवा. नख अडकले तर चरा खोल आहे. आत मळकट राखाडी किंवा पांढरट रंग दिसला तर प्रायमर उघडा पडला आहे. चकचकीत धातू किंवा तांबूस रेघ दिसली तर चरा पत्र्यापर्यंत गेला आहे. तिथे घाई करावी लागते.

किनाऱ्यावर गंज लवकर का धरतो?

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन पुरेसा असतो. मीठ ही प्रक्रिया वेगवान करते, कारण खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणे ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढते. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच विरघळू लागतो. पावसाळ्यात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनची हवा बहुतेक वेळ याहून दमट असते. म्हणजे गाडी शेडमध्ये कोरडी उभी असली, तरी चऱ्यातले मीठ ओलेच राहते.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा लागते. त्यामुळे तो शेजारचा चांगला रंग खालून उचलतो आणि फुगे येतात. आजच्या अनेक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो. तो स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो. त्यामुळे थोडा वेळ मिळतो, पण संरक्षण कायमचे नसते.

आधी मीठ काढा

घरगुती दुरुस्तीत सर्वांत मोठी चूक इथे होते. फडक्याने पुसून लगेच रंग लावला तर मीठ रंगाखाली बंद होते आणि काही महिन्यांनी तिथेच फुगा येतो. म्हणून चरा गोड्या पाण्याने आणि कार शॅम्पूने दोन-तीनदा धुवा. घरच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर नळाचे पाणी वापरा. पूर्ण वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हे ज्वलनशील आहे. जवळ विडी-सिगारेट किंवा शेगडी नको.

दुरुस्तीच्या पायऱ्या

१. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असलेल्या पट्टीवर रंगाचा कोड सापडतो. न सापडल्यास शोरूममध्ये गाडीचा क्रमांक सांगून विचारा. 'पांढरा' म्हणून आणलेला रंग जुळेलच असे नाही.

२. चऱ्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा.

३. गंज असेल तर टोकदार पात्याने आणि पॉलिश पेपरने फक्त गंजलेला भाग खरवडा. उरलेल्या बारीक डागांवर रस्ट कन्व्हर्टर लावा. गंज नसेल तर पत्रा घासत बसू नका. जस्ताचा थर निघून जाईल.

४. धातू उघडा असेल तर बारीक ब्रशने प्रायमरचा पातळ हात द्या आणि वाळू द्या.

५. टच-अप रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हातानंतर बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा. एकच जाड हात दिला तर तो वरून वाळतो, आतून ओला राहतो.

६. शेवटी क्लिअर कोट. तो आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित उंच राहू द्या.

७. किमान आठवडाभर हात लावू नका. मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने उंचवटा सपाट करा आणि रबिंग कंपाउंडने चमक आणा.

काम सावलीत, पण मोकळ्या हवेत करा. हातमोजे आणि मास्क वापरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत चांगले. दमट हवेत क्लिअर कोट धुरकट पडतो. ऐन पावसात चरा पडला तर तो धुऊन, पूर्ण वाळवून, त्यावर निदान प्रायमर आणि टच-अपचा एक हात देऊन ठेवा. दिसायला ओबडधोबड चालेल. बाकीचे काम दिवाळीनंतर करता येते.

टूथपेस्ट, खोबरेल, नेलपॉलिश?

टूथपेस्ट हलके घासते, त्यामुळे ती फक्त वरवरच्या रेघा कमी करते. तेलाने चरा काही दिवस दिसत नाही, पण नंतर रंग धरत नाही. नेलपॉलिश ऊन आणि पावसासाठी बनवलेले नसते; ते तडकते आणि भेगांतून पाणी आत जाते.

गॅरेजला कधी जायचे?

चऱ्याबरोबर पोचा आला असेल, रंगाला फुगे आले असतील किंवा चरा दाराच्या कडेवर असेल तर घरी प्रयोग नको. मेटॅलिक रंगातही घरचे काम जवळून ओळखू येते, कारण त्यातले चमकते कण ब्रशने सारखे बसत नाहीत. बंपर प्लास्टिकचा असेल तर घाई नाही. तो गंजत नाही.

विम्याचा दावा करण्याआधी गणित मांडा. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीसाठी प्रत्येक दाव्यात साधारणतः पहिले १००० रुपये तुमचेच जातात. शिवाय पहिल्या दावामुक्त वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत वाढलेला नो क्लेम बोनस गमवावा लागू शकतो. एका चऱ्यासाठी हा सौदा अनेकदा तोट्याचा ठरतो.

मेमधले दहा मिनिटांचे काम

पाऊस सुरू होण्याआधी गाडी धुऊन उन्हात उभी करा आणि दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि बॉनेटचे टोक नीट पाहा. दगड उडून पडलेले टिपके इथेच सापडतात आणि प्रत्येकावर टच-अपचा एक थेंब पुरतो. काशीद किंवा नागावच्या किनाऱ्यावरून आल्यावर गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवा. तिथे अडकलेली ओली वाळू दिसत नाही, पण मीठ धरून ठेवते.