शितावरून भाताची परीक्षा

हिवाळ्यातल्या एका रविवारी सोलापूरहून भाचीचा फोन आला. इथे इंग्लंडमध्ये सकाळचे जेमतेम आठ वाजले होते, तिकडे दीड. सुट्टीच्या दिवशी एवढ्या लवकर घरून फोन म्हटल्यावर काळजात धस्स झालं. पण तक्रार वेगळीच होती.

“मामा, तुमच्या वेबसाइटवरचा कोड चालत नाहीये.”

वेगवेगळ्या देशांतले आम्ही पाच जण फावल्या वेळात पायथन या संगणकभाषेसाठी एक छोटी लायब्ररी सांभाळतो. तारखांचे हिशेब करणारी, कुणालाही फुकट वापरता येईल अशी. तिच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर आठ ओळींचा नमुना ठेवलाय. कोणत्या आठ ओळी ठेवायच्या यावर आमचा महिनाभर वाद चालला होता आणि शेवटी निवडला गेलेला नमुना माझा होता. त्यामुळे मी लगेच म्हणालो, “तूच काहीतरी चुकवलं असशील.”

“मलाही तसंच वाटलं. दोन दिवस तेच बघतेय. मला हे जमणारं नाही बहुतेक. मॅडमना सांगून प्रोजेक्टचा विषय बदलून घेऊ का?”

ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे. मी तिला स्क्रीन दाखवायला सांगितली आणि पाच मिनिटांत माझाच चेहरा पडला. पहिली चूक अवतरणचिन्हांची. पायथनला सरळ, उभी चिन्हं लागतात. आमच्या वेबसाइटने ती परस्पर ‘सुंदर’, वळणदार करून टाकली होती. दुसरी चूक ओळींच्या सुरुवातीच्या तीन बाणांची. ती खूण पायथनची स्वतःची, ‘बोला, काय करू?’ असं विचारणारी. नमुना कॉपी केला की तीही सोबत येते आणि मग प्रोग्रॅम अडतो. तिसरी चूक सगळ्यात लाजिरवाणी. लायब्ररी मागवून घ्यायची पहिली ओळच आम्ही गाळली होती. कारण काय, तर ‘ती सगळ्यांना माहीतच असते’!

मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. तरी दोन दिवस ती स्वतःला दोष देत बसली होती. अनुभवी माणूस असा नमुना अडला तर वेबसाइटला नावं ठेवतो आणि पुढे जातो. नवखा माणूस स्वतःला नावं ठेवतो आणि परत फिरतो. असे किती जण आमच्या दारातून परत गेले असतील, कुणास ठाऊक. त्यांनी काही आम्हाला फोन केला नाही.

त्या दिवशी मी मोठ्या भाषांची पहिली पानं नव्या नजरेने पाहिली. पायथनच्या पानावर फिबोनाची मालिकेचा नमुना आहे. पुढचा आकडा म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज, अशी ती मालिका. आपल्याकडे हेमचंद्राने बाराव्या शतकात छंदातल्या मात्रा मोजताना हेच आकडे मांडले होते. नमुना जेमतेम काही ओळींचा, पण त्यात एक गंमत आहे. दोन आकड्यांची अदलाबदल पायथन एकाच ओळीत करते. कित्येक भाषांत त्यासाठी तिसरं भांडं लागतं, दोन पेल्यांतलं दूध आणि ताक बदलायला लागतं तसं. म्हणजे भाषेचा स्वभाव नमुन्यातूनच कळतो. वर शेजारी बटण आहे. काहीही इन्स्टॉल न करता तिथेच करून बघा.

गो भाषेचा नमुना तर ‘हॅलो’ म्हणण्यापुरताच. पण त्यात ‘जग’ हा शब्द चिनी लिपीत लिहिलाय. जगातल्या कुठल्याही लिपीतला मजकूर इथे चालतो, हे न बोलता सांगितलं. गो घडवणाऱ्यांपैकी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनीच 1992 मध्ये यूटीएफ-8 ही पद्धत बसवली, जिच्यामुळे आज आपली देवनागरी इंटरनेटवर सुखाने नांदते.

हास्केलची गोष्ट मात्र आमच्या जातकुळीतली. तिच्या पहिल्या पानावर मूळसंख्या काढायचा अगदी आटोपशीर नमुना लावला आणि त्याला नाव दिलं ‘चाळणी’. जाणकारांनी लगेच कान पकडला. एराटोस्थेनिसची खरी चाळणी भागाकार करत नाही. ती दोनच्या पाढ्यातले आकडे खोडते, मग तीनच्या पाढ्यातले, असं करत पुढे जाते. हा नमुना उरलेल्या प्रत्येक आकड्याला भागून बघतो, त्यामुळे आकडे वाढले की दमतो. मेलिसा ओनील यांनी 2009 मध्ये नेमक्या याच गैरसमजावर शोधनिबंध लिहिला होता. पुढे नमुना तोच राहिला, पण ‘चाळणी’ जाऊन ‘गाळणी’ अशा अर्थाचं खरं नाव आलं. दिसायला छोटा बदल, पण दारावरची पाटी खरी झाली.

रस्ट भाषेने 2018 च्या अखेरीस वेबसाइट बदलली आणि पहिल्या पानावरचा कोड काढूनच टाकला. त्याऐवजी ‘आमची भाषा का वापरावी’ याची कारणं दिली. निर्णय घेणाऱ्या वरिष्ठाला ते पटेलही. पण मला विचाराल तर शितावरून भाताची परीक्षा करायची आपली सवय बरी. जाहिरात वाचून भूक भागत नाही. एक शीत मात्र खरंखुरं शिजलेलं हवं.

आमच्या पाच जणांच्या बैठकीत मी सगळं कबूल केलं. वळणदार चिन्हं गेली. कॉपीच्या बटणाने आता फक्त कोडच येतो, बाण नाहीत. पायथनमध्ये डॉकटेस्ट नावाची सोय आहे. लिखाणातले नमुने ती स्वतः चालवते आणि दाखवलेलं उत्तर जुळलं नाही तर बोंब मारते. ती आम्ही जोडली, म्हणजे उद्या लायब्ररी बदलली आणि नमुना जुना राहिला, तर वाचकाआधी आम्हाला कळेल. नमुनाही बदलला. माझ्या आठ ओळींत लीप वर्षाची करामत होती, बघणाऱ्याने ‘वा!’ म्हणावं अशी. आता तिथे दोन तारखांमधले दिवस मोजणाऱ्या चार ओळी आहेत. लोक लायब्ररी शोधत येतात ते याच कामासाठी.

पाचवी ओळ भाचीची आहे. गाळलेली ती पहिली ओळ मी स्वतः घालणार होतो. मग म्हटलं, थांब. दुरुस्ती कशी पाठवायची ते तिला फोनवर समजावलं आणि रात्री तिची दुरुस्ती आली. सोबत इंग्रजीत एक वाक्य होतं. मराठीत सांगायचं तर, ‘ही ओळ सगळ्यांना माहीत नसते.’

मी ती जशीच्या तशी स्वीकारली. प्रोजेक्टचा विषय तिने बदलला नाही.