गतीची साक्ष

चित्र हालत नाही, आणि तरीही हालचाल दाखविण्याचा हव्यास चित्रकाराला कधी सुटलेला नाही. भिंत, कागद वा शिळा यांची मूळची निश्चलता पत्करून तिच्यातूनच वेगाचा प्रत्यय कसा द्यावा, हा या कलेपुढील फार जुना पेच आहे.

या पेचाची जाहीर चौकशी एकोणिसाव्या शतकात एका घोड्याच्या निमित्ताने झाली. फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ साली रंगविलेल्या एप्समच्या शर्यतीतील घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून जमिनीवरून तरंगत जातात. भरधाव दौड दाखविण्याचा त्या काळचा रिवाजच तसा होता. पुढे १८७८ साली कॅलिफोर्नियात छायाचित्रकार मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने मांडून दौडत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा चारही खूर अधांतरी असतात हे खरे, परंतु ते पाय पोटाखाली गोळा झाले असता, असे सिद्ध झाले. कॅमेऱ्याच्या पुराव्याने जेरिको गुन्हेगार ठरला खरा. पण त्याचे वकीलपत्र शिल्पकार रोदँने घेतले, आणि काळ वस्तुतः कधीच थांबत नसल्यामुळे क्षण गोठविणारे छायाचित्रच खोटे व निरनिराळे क्षण एका देहात गुंफणारा कलावंत खरा, असा युक्तिवाद केला. १९१२ साली इटालियन चित्रकार बाल्लाने साखळीला बांधलेल्या कुत्र्याचे पाय एकात एक मिसळून एकाच जागी अनेक काढले, तो याच युक्तिवादाचा पुढला टप्पा म्हणावा.

आमच्याकडील कारागिरांनी ही फिर्याद निराळ्या साक्षीदारांकरवी चालविली. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, ओवरीच्या भिंतीवर, परिवारासह आकाशातून येणारा इंद्र आहे; त्याला पंख नाहीत, चेहऱ्यावर घाई नाही, परंतु गळ्यातील मोत्यांचे सर आणि अलंकार सरळ न लोंबता एका बाजूस उडालेले आहेत, आणि तेवढ्यावरून समोरचा वारा आपल्या अंगाला लागतो. वेरूळच्या कैलास लेण्यात रावण पर्वत हलवितो, तेव्हा पार्वती शिवाचा हात घट्ट धरते, दासी पाठ फिरवून पळत सुटते, आणि शिव मात्र शांतपणे पायाने पर्वत दाबून बसलेला असतो. त्या एका अचल देहामुळेच बाकीच्या कंपाची मोजदाद होते. गणपतराव म्हात्रे यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ या शिल्पात तर एका पावलापलीकडे काही घडतच नाही, आणि ते पाऊलही नऊवारी लुगड्याच्या चुण्यांवरूनच आपल्याला कळते.

माझा निवाडा असा की, गती स्वतः अदृश्य आहे. ती ज्यांना स्पर्शून गेली त्या सरांची, चुण्यांची आणि भ्यालेल्या दासीची साक्ष काढावी लागते. अजिंठ्यास जाण्याचा योग आला, तर वाचकांनी इंद्राचे मुख मागाहून पाहावे. आधी त्याचे हार पाहावेत.