पट १९, मार्क्स किती?

‘डिजिटल बोर्ड आहे, स्विमिंग पूल आहे, अगं रोबोटिक्सपण आहे!’

शनिवारची संध्याकाळ, एफसी रोडवरचं कॅफे. मैत्रीण लेकीच्या ॲडमिशनचं सांगत होती. लेक साडेतीन वर्षांची. फीचा आकडा ऐकून माझी कॉफी तशीच राहिली. मी सहज विचारलं, ‘पण शिकवतात कसं?’

ती गप्प. मग म्हणाली, ‘चांगलंच असेल ना गं. एवढी फी घेतात म्हणजे!’

तिला हसू नका. तुमच्या-माझ्या सर्कलमध्ये सगळ्यांचा फंडा हाच. शाळा बघायची म्हणजे बिल्डिंग बघायची. पण ‘क्वालिटी’ नावाची चीज वर्गात नेमकी दिसते कशी? ते बघायला पुढच्या आठवड्यात मी एकदम दुसरं टोक गाठलं. पुण्यापासून दीड तासावरच्या एका वाडीतली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी मिळून पट १९.

बावन्नची गोची

पहिली-दुसरीचा जोडवर्ग चालू होता. मी मागे सतरंजीवर बसले. बाई म्हणाल्या, ‘बावन्न लिहा.’ दुसरीतल्या एका पोराने पाटीवर लिहिलं, २५.

मी असते तर लगेच फुली मारली असती. बाईंनी विचारलं, ‘असं का लिहिलंस रे?’

‘बा म्हणजे दोन ना? मग आधी दोन.’

बोला! लॉजिक एकदम बरोबर. मराठीत आपण सुटे आधी बोलतो, दशक नंतर. लिहिताना मात्र उलटं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा त्यावर केवढे जोक फिरले होते. मीही दोन-चार फॉरवर्ड केले होते. ती भानगड कशासाठी होती, हे त्या सतरंजीवर बसल्यावर कळलं.

बाईंनी त्याच्यापुढे आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे ठेवले आणि दोन सुट्या काड्या. त्याने मोजलं, पाटी पुसली, ५२ लिहिलं. ‘आता एकसष्ट?’ हात थबकला. मग त्याने स्वतःच सहा गठ्ठे उचलले, एक काडी उचलली आणि लिहिलं ६१.

एका मुलासाठी पाच मिनिटं. चाळीस जणांच्या वर्गात जमेल?

बाईंकडे एक साधी वही आहे. त्यात १९ नावं आणि प्रत्येकापुढे तो कुठे अडलाय ते. ‘जोडाक्षरं’, ‘हातच्याची वजाबाकी’, ‘वाचते, पण अर्थ सांगत नाही’. अडथळा सुटला की खोडायचं आणि पुढचा लिहायचा. बस्स, एवढीच सिस्टिम.

ही वही किती मोठी गोष्ट आहे, ते कळायला एक आकडा पुरे. ‘प्रथम’च्या पुढाकाराने ग्रामीण भारतात ‘असर’ पाहणी होते. २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं होती फक्त २३.४ टक्के. म्हणजे चारातल्या तिघांच्या डोक्यावरून धडा पुढे जातो, आणि ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

दुपारचा सीन वेगळा

पण ‘छोटी शाळा, ग्रेट शाळा’ असं म्हणून मोकळं होऊ नका. त्या दिवशी दुसऱ्या खोलीतले सर मीटिंगला तालुक्याला गेले होते. खिचडीनंतर चारही वर्ग एकट्या बाईंवर. त्यातच वरून फोन आला, कसलीशी माहिती आजच्या आज ऑनलाइन भरायची होती. तिसरी-चौथीने दुपारभर पाढे उतरवले. चौथीतल्या एका पोरीने माझ्यासमोर सतराचा पाढा तीनदा लिहिला. तिला तो पाठ होता.

दोन शिक्षकांच्या शाळेचं हेच दुखणं. एक गेला की अर्धी शाळा गेली. त्यातून चौथीत पोरं तीनच. खेळायला टीम होत नाही, चुरशीला जोडीदार मिळत नाही.

म्हणूनच तर २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ करायची कल्पना मांडली. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा मोजल्या होत्या. वर्गाला एक शिक्षक, मैदान, लॅब... कागदावर मुद्दा चुकीचा नाही. पण शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असं म्हटलंय, तेही उगाच नाही.

शाळा सुटताना गेटवर एक आई भेटली. तिचा थोरला पिवळ्या व्हॅनने इंग्लिश मीडियमला जातो, धाकटी इथे दुसरीत. ‘दोघांची फी झेपत नाही हो. पण ही घडाघडा वाचती. ही शाळा हलली तर ओढा ओलांडून रोज कोण सोडणार? पावसाळ्यात घरीच बसंल.’ अजून दोन-तीन पोरं व्हॅनने गेली की पट आणखी घसरणार, हे तिलाही माहीत आहे. तिच्याच घरातून एक गेलाय.

शाळा बघायला जाताय?

स्विमिंग पूलआधी हे तीन प्रश्न विचारा:

● मूल चुकलं तर शिक्षक काय करतात? फुली मारतात की ‘का’ विचारतात?

● माझं मूल आज कुठे अडलंय, हे वही न शोधता कोण सांगेल?

● शिक्षक रजेवर असला तर त्या दिवशी वर्गात काय होतं?

हेच प्रश्न मी मैत्रिणीलाही पाठवले. तिचा रिप्लाय आला, ‘मग तुझ्या त्या शाळेला मार्क्स किती?’

सकाळी फर्स्ट क्लास, दुपारी काठावर पास. आणि दुपारचे मार्क्स वाढवणं बाईंच्या हातात नाही. सरांना वर्गातच राहू दिलं, तर ते वाढतील.