तलावाच्या पाण्याचा ताळेबंद

पालघरजवळील माहीम, केळवे, शिरगाव हा किनारपट्टा नारळी-पोफळीच्या बागा आणि नागवेलीच्या पानमळ्यांसाठी पूर्वापार ओळखला जातो. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत किंवा मुंबईत व्यवसाय असलेली काही कुटुंबे येथे सुट्टीचे घर बांधतात आणि मुलांच्या हौसेखातर अंगणात पोहण्याचा लहानसा तलावही करवून घेतात. तलाव एकदाच बांधावा लागतो. पाणी मात्र रोज सांभाळावे लागते.

बहुतेक घरी हे काम माळ्यावर सोपवलेले असते. तो अंदाजाने क्लोरीन टाकतो आणि पाणी हिरवट दिसले की आणखी टाकतो. पुढे मुलांचे डोळे चुरचुरू लागतात, पाण्याला उग्र दर्प येतो आणि ‘क्लोरीन जास्त झाले’ असा निष्कर्ष काढला जातो. वस्तुस्थिती बहुधा याच्या उलट असते. तो दर्प शुद्ध क्लोरीनचा नसून घाम व मूत्र यांतील द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाईनचा असतो. जंतुनाशक क्लोरीन खर्ची पडले आहे, याची ती खूण होय.

क्लोरीन किती टाकले यापेक्षा त्यातील किती कामास आले, हे महत्त्वाचे. आणि ते ठरते पीएचवरून. पीएच म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कतेचे माप. ते ७.२ असता क्लोरीनचा साधारण दोन-तृतीयांश भाग प्रभावी रूपात असतो, ७.५ ला निम्मा, तर ८ ला जेमतेम एक-चतुर्थांश. म्हणजेच पीएच बिघडलेल्या पाण्यात टाकलेल्या रुपयाचे बारा आणे वाया! कारखान्यातील सांडपाण्याचा पीएच तपासल्यावाचून आपण ते बाहेर सोडत नाही. मग ज्या पाण्यात आपली मुले डुंबतात, त्याचा पीएच न तपासणे कसे चालेल?

पाणी सुधारण्याचा एक क्रम आहे. प्रथम एकूण क्षारता पाहावी. ती दर लिटरमागे ८० ते १२० मिलिग्रॅम असावी. त्यामुळे पीएच स्थिर राहतो. क्षारता कमी पडल्यास खाण्याचा सोडा वापरावा. नंतर पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणावा. तो वाढला असेल तर सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडे थोडे द्यावे. त्यानंतरच क्लोरीनचा विचार करावा. मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम पुरते. थेंबांची साधी तपासणी-पेटी घेऊन, कोपरभर खोलीवरचे पाणी काढून, तलाव वापरात असताना हे रोज पाहावे आणि वहीत नोंदवावे.

हिशेब व्यापाऱ्याला नवा नाही. २० फूट लांब, १० फूट रुंद व सरासरी ४ फूट खोल तलावात सुमारे २२,६०० लिटर पाणी मावते. त्यातील क्लोरीन १ मिलिग्रॅमने वाढवायला ६५ टक्के शक्तीची क्लोरीन पावडर अवघी ३५ ग्रॅम लागते. क्षारता १० मिलिग्रॅमने वाढवायची तर खाण्याचा सोडा सुमारे ३८० ग्रॅम. डबाभर ओतण्याची गरजच नाही.

किनाऱ्यालगतच्या विहिरी व बोअरचे पाणी खारट किंवा जड असू शकते. अशा पाण्यात पीएच वाढला की फरशीवर आणि नळांत चुन्याचा पांढरा थर बसतो. म्हणून तलाव प्रथम भरतानाच त्याचा जडपणा तपासून घ्यावा. उन्हाळ्यात कडक उन्हाने क्लोरीन काही तासांतच उडून जाते. ते टिकवण्यासाठी सायन्यूरिक आम्ल ३० ते ५० मिलिग्रॅम असावे. मात्र बाजारातील क्लोरीनच्या अनेक गोळ्यांत हे आम्ल असतेच, आणि ते साचत गेले की क्लोरीनची धार बोथट होते. पावसाळ्यात तलावात पडणाऱ्या पावसाने क्षारता आणि जडपणा दोन्ही घटतात. मोठ्या सरीनंतर पुन्हा तपासणी हवीच.

यात श्रावकाच्या विवेकाचाही प्रश्न आहे. शेवाळाला आपल्याकडे अनंतकाय मानले आहे. ते माजू देऊन मग प्रखर रसायनाने नष्ट करण्यापेक्षा, ते उपजणारच नाही असे पाणी राखणे अधिक यतनेचे ठरते. तलाव झाकून ठेवावा, गाळणयंत्र नियमित चालवावे, स्नान करूनच पाण्यात उतरावे. एवढ्याने रसायन कमी लागते आणि तलाव वारंवार रिकामा करावा लागत नाही. रिकामा करण्याची वेळ आलीच, तर आधी क्लोरीन टाकणे थांबवावे आणि तपासणीत ते शून्यावर आल्यावाचून पाणी पानमळ्यात किंवा ओढ्यात सोडू नये.

शेवटी सुरक्षिततेविषयी. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू निर्माण होतो. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या, हवेशीर, कुलूपबंद जागी ठेवावीत आणि एकाच मापाने कधीही काढू नयेत. पावडर व गोळ्याही एका डब्यात मिसळू नयेत. रसायन नेहमी पाण्यात घालावे, रसायनावर पाणी ओतू नये. पंप चालू असतानाच हे काम करावे, हातमोजे व चष्मा वापरावा, आणि पुन्हा तपासणी होऊन आकडे योग्य दिसेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये. हे सारे नियम माळ्याला नीट समजावून सांगावेत आणि त्याच्या हाती मोजे, चष्मा व तपासणी-पेटी द्यावी. त्याची सुरक्षितता हीदेखील घरमालकाचीच जबाबदारी आहे.